‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळ मालिका, भाग ‘३३’: ऑलिम्पिक कॅरिअर हे प्रवासी अंतराळजहाज पाडायला हवं होतं का?

कोपरीकर: ठाण्याच्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेत. त्या जहाजावर १,३४५ माणसं. आणि पाठलाग करणारे सायलॉन, म्हणजे माणसांवर उलटलेली यंत्रं, बरोब्बर ३३ मिनिटांनीच का येतात?

ऐरोली_सेक्टर८: ३३ चं कारण भागात दिलेलंच नाही, शोधत बसू नका. हिशोब मात्र चोख आहे. सायलॉन आले की माणसांचा ताफा अंतराळात उडी मारून दुसरीकडे निसटतो. अशा २३७ उड्या गुणिले ३३ म्हणजे ७,८२१ मिनिटं, १३० तासांच्या वर. पाच दिवस डोळ्याला डोळा नाही! त्यात एक जहाज मागे राहतं आणि नेमके त्याच फेरीला सायलॉन येत नाहीत. संशय तिथूनच सुरू होतो.

घोडबंदर_कट्टा: नुसत्या संशयावर कोणी पाडलं नाही हो. जहाज परत येतं, थांबायला सांगूनही थांबत नाही, वर किरणोत्साराचा इशारा वाजतो, म्हणजे अण्वस्त्र. अडवायला गेलेल्या ली या वैमानिकाला खिडक्यांत कोणी दिसत नाही, पण ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाहीत’ असं थोडंच? तिथेच तर भागाची खरी गंमत आहे. २००५ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा पुरस्कार, उगाच नाही मिळाला.

ऐरोली_सेक्टर८: नवख्यांसाठी: हा पहिल्या सीझनचा पहिला भाग असला, तरी आधी २००३ ची मिनीसिरीज बघा, साधारण तीन तासांची. यादीत ती कधीकधी वेगळी असते. ती सुटली की हेलो हा गॅलॅक्टिकाचा अधिकारी कॅप्रिका ग्रहावर का अडकलाय तेच कळत नाही.

कोपरीकर: आमचे निम्मे थेट ‘३३’ वरच बसले होते. तरीच!