ब्लेड, स्लोव्हेनिया: आई-बाबांसह तीन रात्री, बेताच्या खर्चात

मुलुंडकर
नमस्कार. नोकरीनिमित्त मी म्युनिकला असतो. येत्या जूनमध्ये आई-बाबा महिनाभरासाठी येत आहेत आणि त्यांना तीन रात्री स्लोव्हेनियातल्या ब्लेडला न्यावे अशी फार इच्छा आहे. त्यांचा व्हिसा जर्मनीचा असला तरी स्लोव्हेनिया २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे ती चिंता नाही. चिंता आहे ती खर्चाची, कारण तळ्याकाठच्या हॉटेलांचे भाव पाहून बेत रद्द करावा की काय, असे वाटू लागले आहे. बाबांचे गुडघे दुखतात. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि तळ्यातल्या बेटावरच्या देवळातली (म्हणजे चर्चमधली) घंटा वाजवायची असे तिने आतापासूनच ठरवले आहे. मुक्काम, प्रवास आणि जेवण यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

वाटसरू
बेत रद्द करू नका. ब्लेडमध्ये पैसे लागतात ते तळे खिडकीतून दिसण्याचे. तळ्याकाठी दिवसभर बसायला आणि फिरायला काहीच लागत नाही. तळ्याभोवतीची वाट साधारण सहा किलोमीटरांची आहे, बहुतेक सपाट आहे आणि तिच्यावर जागोजागी बाके आहेत, त्यामुळे बाबांना ती एका दमात पुरी करण्याचीही गरज नाही. सकाळी काठावरच्या म्लिनो या वस्तीच्या बाजूने अर्धी आणि संध्याकाळी किल्ल्याखालून उरलेली, असे आम्ही माझ्या सासूबाईंना घेऊन केले होते. तळ्यात इंधनावर चालणाऱ्या होड्यांना बंदी असल्यामुळे पहाटे काठावर उभे राहिले, तर वल्ह्यांचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो.

मुक्काम मात्र ब्लेडमध्ये न करता राडोव्हलित्सा किंवा लेस्त्से येथे करावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही गावे बसने जेमतेम पाव तासावर आहेत आणि तिथे स्वयंपाकघरासह घरे पुष्कळ स्वस्तात मिळतात. राडोव्हलित्साचे जुने गाव स्वतःहून पाहण्याजोगे आहे. तिथे मधमाशीपालनाचे संग्रहालय असून पोळ्यांच्या पेट्यांवर लावायच्या रंगवलेल्या फळ्या, म्हणजे संतांच्या गोष्टींपासून शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढणाऱ्या प्राण्यांपर्यंतची चित्रे, माझ्या सासूबाई तासभर बघत बसल्या होत्या. २० मे हा जागतिक मधमाशी दिन ज्याच्या स्मरणार्थ पाळतात, तो अठराव्या शतकातला मधपाळ आन्तोन यान्शा याच परिसरातला. भाड्याची तुलना करताना एवढे लक्षात असू द्या की दर माणशी, दर रात्री पर्यटन कर बहुधा वेगळा द्यावा लागतो.

पेणची_लेक
मी प्रवासाबद्दल लिहिते, कारण आमचा घोटाळा तिथेच झाला. ब्लेडला दोन स्टेशने आहेत. म्युनिकहून साल्झबुर्ग, फिलाख मार्गे ल्युब्ल्यानाला जाणाऱ्या गाड्या लेस्त्से-ब्लेड येथे थांबतात, तर ब्लेड येझेरो हे स्टेशन तळ्याच्या पश्चिमेला, चढावर, १९०६ मध्ये सुरू झालेल्या बोहिन्यच्या मार्गावर आहे. 'येझेरो' म्हणजे तळे, म्हणून तेच जवळचे असणार असे धरून आम्ही येसेनित्सेला गाडी बदलली आणि मग दोन जड बॅगा घेऊन गावाकडे चालत आलो; आईचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही लेस्त्सेलाच उतरा, तिथून बस सहज मिळते. तिकिटे लवकर काढली तर रेल्वेच्या सवलतीच्या दरात बरेच पैसे वाचतात. बोहिन्यचा मार्ग मात्र एका दिवसाच्या सहलीसाठी जरूर वापरा. बोहिन्यचे तळे ब्लेडहून मोठे आणि शांत आहे, आणि ब्लेडहून थेट बसनेही तिथे जाता येते.

मेतकूट_भात
जेवणाविषयी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिली ही की २०२० च्या कायद्यानंतर स्लोव्हेनियात मोठी किराणा दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध, दही, भाजी, पाव भरून ठेवा. दुसरी गोष्ट तुमच्या आईंसाठी. ब्लेडची प्रसिद्ध मलईवडी, क्रेमश्निता, १९५३ पासून तिथल्या पार्क हॉटेलात बनते. वर पिठीसाखर भुरभुरलेला कुरकुरीत पापुद्रा आणि खाली कस्टर्ड व मलईचे जाड थर. त्या कस्टर्डमध्ये अंडे असते. कुट्टूच्या पिठाचे 'झगन्त्सी' ऐकायला निर्धोक वाटतात, परंतु त्यांच्यावर बरेचदा डुकराच्या चरबीचा कुरकुरीत चुरा घालतात आणि 'योता' या घेवड्याच्या सूपातही पुष्कळदा धुरावलेले मांस असते, म्हणून प्रत्येक वेळी विचारूनच घ्यावे. सोबत तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट नेले की एका वेळच्या जेवणाचा खर्च वाचतो आणि आईंचे पोटही शांत राहते. नळाचे पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

मुलुंडकर
सर्वांचे मनापासून आभार. मुक्काम राडोव्हलित्सालाच करीन. आता अडचण उरली ती बेटाची. नावेचे भाडे आणि देवळाचे तिकीट मिळून तिघांचा खर्च बराच होतो, आणि नव्याण्णव पायऱ्या बाबांना झेपतील असे वाटत नाही.

वाटसरू
मग तिघांनी जाऊ नका. पारंपरिक 'प्लेटना' नावेत नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी नाव हाकतो आणि दर माणशी साधारण वीस युरो घेतो. बेटावर पाय ठेवायला पैसे पडत नाहीत, देवळात जाऊन घंटा वाजवण्याचे तिकीट असते. ती घंटा १५३४ सालची आहे आणि ती वाजवून मनातली इच्छा मागतात. आईंना तुम्ही म्लिनोच्या धक्क्यावरून घेऊन जा, बाबांना काठावरच्या झाडाखाली बसू द्या. प्रत्येक येणारा दोर ओढत असल्यामुळे घंटा दिवसभर वाजत असते आणि पाण्यावरून काठापर्यंत ऐकू येते. आईंनी ती नेमकी केव्हा वाजवली हे बाबांना कळावे, म्हणून निघण्यापूर्वी वेळ ठरवून घ्या, किंवा वरून फोन करा. किल्ल्याचे तिकीट मी काढले नसते. तारखा अजून ठरल्या नसतील, तर जूनचा पहिला पंधरवडा धरा, कारण पंचवीस तारखेच्या सुमारास तिथल्या शाळांना सुट्टी लागते, आणि शक्यतो सोमवारी पोहोचा, म्हणजे दुकानेही उघडी असतील आणि शनिवार-रविवारच्या गर्दीच्या आधी तुम्ही परतही निघालेले असाल.