मांडवीवरचे पूल : वरून गेलात, की खाली थांबलात?

पर्वरीत राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. नोकरी पणजीत, वाहन म्हणजे स्कूटर. जाता-येता मांडवी ओलांडते ती जुन्या दोन पुलांवरून. त्या दोघांच्या मधून उंच चढत गेलेला अटल सेतू रोज डोक्यावर दिसतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे कोणाच्या चारचाकीत बसले तरच वर जाणं होतं. एवढी वर्षं नदी ओलांडूनही नदीकडे मान वळवून बघायला मिळत नाही. समोर ट्रक, मागे हॉर्न, आणि दोन मिनिटांत पलीकडे.

गेल्या रविवारी भाचा आला होता, वय नऊ. त्याने विचारलं, "आत्या, पुलाच्या खाली काय आहे?" मला सांगता येईना. मग आम्ही पर्वरीचा चढ उतरून बेतीच्या धक्क्यावर गेलो आणि फेरीबोटीतून दोनदा पणजीला जाऊन आलो. फेरीच्या कठड्याला टेकून पूर्वेकडे पाहिलं की तिन्ही पूल एकामागे एक दिसतात. मधल्याच्या तारा एकाच ओळीत, रस्त्याच्या मधोमध, चार उंच खांबांवरून खाली उतरलेल्या. भाच्याने प्रत्येक खांबाच्या तारा मोजायला घेतल्या आणि दर वेळी आकडा वेगळा आला.

म्हणून हा धागा. मांडवीच्या पुलावर किंवा पुलाखाली, रायबंदरपासून मिरामारपर्यंत कुठेही, तुम्हाला आलेला अनुभव लिहा. जुना, नवा, लहान, मोठा, कसलाही चालेल.

पर्वरीचा निवृत्त कारकून

ताई, तुम्ही तीन पूल म्हणालात. मला त्यांच्या जागी नेहमी चौथा दिसतो, जो आता नाही. मांडवीवरचा पहिला पूल. नेहरू पूल म्हणायचे त्याला. तो झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि वडील आम्हा भावंडांना मुद्दाम तो दाखवायला घेऊन गेले होते. त्याआधी बेती ते पणजी म्हणजे होडी नाहीतर फेरी, दुसरा रस्ता नाही.

५ जुलै १९८६ ला तो पडला. भर पावसाळा. मी तेव्हा पणजीत सरकारी नोकरीत होतो. बातमी कळली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. पंधरा-सोळा वर्षांचा पूल, काँक्रीटचा, कसा पडेल? पुढे कळलं ते असं, की काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आणि पाण्याने आतून गंजत गेल्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला काय समजणार?

त्यानंतरची काही वर्षं आम्ही फेरीच्या रांगेत काढली. नवं काहीच नाही, आजोबांच्या काळचीच फेरी परत आली. सकाळी साडेसातला बेतीच्या धक्क्यावर छत्र्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. फेरी लागली की पुढचं लोखंडी झाकण साखळीचा खडखडाट करत धक्क्यावर पडायचं, आधी उतरणारे, मग स्कूटरवाले, मग आम्ही चालणारे. जुलैच्या वाऱ्यात मधोमध आल्यावर फेरी तिरकी चालायची आणि बायका एकमेकींच्या कोपराला धरून उभ्या राहायच्या. माझ्या बायकोला त्याच पावसाळ्यात सातवा महिना होता. डॉक्टर पणजीत. तिला फेरीत चढवताना खलाशी दर वेळी स्वतः हात द्यायचा आणि पार पलीकडे उतरेपर्यंत तिच्या जवळ उभा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते. मुलगी ऑक्टोबरमध्ये झाली, पणजीतच.

आता मुलगी-जावई येतात तेव्हा अटल सेतूवरून येतात. मी मात्र पुलावरून जाताना अजून काच खाली करतो. कशासाठी ते मला नीट सांगता यायचं नाही. तो आवाज ऐकायचा असतो, टायरचा, प्रत्येक सांध्यावर होणारा.

कुडाळहून

काका, तुमचं वाचून लिहायला घेतलं, नाहीतर लिहिलं नसतं.

आमच्या सिंधुदुर्गातून गंभीर आजारी माणसाला बांबोळीला नेतात. गोवा मेडिकल कॉलेजला. आमच्याकडे "बांबोळीला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि आम्ही रुग्णवाहिकेतून निघालो. बांदा, पेडणे, म्हापसा. मी मागे बाबांजवळ, भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी. बाबांची एक बाजू गेली होती, बोलणं कळत नव्हतं, पण डोळे उघडे होते.

दुपारचे चार वाजले असतील. पर्वरी गेली आणि गाडी एकदम हलकी चालायला लागली, सिग्नल नाही, वळण नाही. उजव्या बाजूच्या काचेतून ऊन आत आलं आणि त्या उन्हात तारांच्या सावल्या बाबांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकायला लागल्या. बाबांनी डोळे मिटले नाहीत. सावल्या जातील तसे डोळे हलवत होते. मी म्हटलं, "बाबा, मांडवी आली." त्यांनी माझा हात दाबला, चालणाऱ्या हाताने. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट त्यांना कळली याची मला खात्री आहे.

बाबा वाचले. काठी घेऊन चालतात. तपासणीला जाताना आता बसने जातो, आणि ते नदीच्या बाजूची खिडकी मागतात.

अंत्रुजकर

कुडाळच्या ताई, बाबांना नमस्कार सांगा.

काकांनी गंजलेल्या तारांचं लिहिलं, त्याला जोडून. मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना आम्हाला तिसऱ्या पुलाचं, म्हणजे अटल सेतूचं, काम बघायला नेलं होतं. तेव्हा खांब उभे होते आणि रस्त्याचे तुकडे दोन्ही बाजूंना थोडे थोडे पुढे गेले होते, तराजूच्या पारड्यांसारखे. एका बाजूला एक तुकडा वाढला की दुसऱ्या बाजूला तेवढाच वाढवायचा, आणि दोन्हींना वरून तारांनी धरायचं. मधलं अंतर मिटेपर्यंत पूल हवेत लोंबकळत असतो. पुस्तकातली आकृती पाहून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे पाच मिनिटांत शिरलं.

आमचे सर १९८६ ला स्वतः विद्यार्थी होते. त्यांनी आम्हाला खांबापेक्षा तारच जास्त वेळ दाखवली. लांबून एक जाड तार दिसते ती खरं तर पांढऱ्या नळीत बसवलेली तारांची जुडी असते. नळी, आतलं प्लॅस्टिकचं वेष्टण, वंगण, हा सगळा खटाटोप खाऱ्या हवेला आत शिरू न देण्यासाठी. सर म्हणाले, "नदीवर पूल बांधताना वजनाचा हिशोब सगळे करतात. तुम्ही मिठाचा करा." मी आज पुलांच्याच तपासणीचं काम करतो, दुसऱ्या राज्यात. ते वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

माहितीसाठी : सगळे रस्ते धरून सेतूची लांबी ५.१ किलोमीटर. त्यातला तारांवर तोललेला नदीवरचा भाग साधारण ६०० मीटर.

पुण्याहून, दोन मुलांची आई

आम्ही पर्यटक म्हणूनच आलो होतो. सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळची बोट घेतली. वर गाणी आणि नाच चालू होता, आम्ही खालच्या मजल्यावर बसलो. अंधार पडल्यावर पुलाचे दिवे पाण्यात उतरले, मध्येच कॅसिनोच्या बोटींचे लाल-जांभळे. मुलगी म्हणाली, नदी झोपणार कधी? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

साखळी गावचा बार्जवाला

मी अठरा वर्षं खनिजाच्या बार्जवर होतो. आमोणे, नावेली या बाजूच्या धक्क्यांवर माल भरायचा आणि मांडवीतून खाली मुरगाव बंदराला न्यायचा. तुम्ही पुलावरून नदी बघता, आम्ही नदीतून पूल बघायचो.

भरलेल्या बार्जला पुलाखाली उंचीची भीती नसते, ती पाण्यात बसलेली असते. भीती रिकामीची. रिकामी बार्ज पाण्यावर उंच तरंगते, त्यात भरती असली की वरची जागा अजून कमी. त्यामुळे परतताना आधी भरती-ओहोटी बघायची, मग इंजिन. पुलाच्या खांबांजवळ पाणी सरळ वाहत नाही, वळतं, बार्जचं तोंड ओढतं. रात्री पुलाखालून जाताना सुकाणूवरचा माणूस कोणाशी बोलत नसे आणि बाकीचेही गप्प राहत. असा नियम कोणी केला नव्हता.

पावसाळ्यात आग्वादला, नदीच्या तोंडाशी, दर्या खवळतो, तिथून जाता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं आणि तिथून मुरगाव. त्या कालव्यात मगरी दिसायच्या, चिखलावर ऊन खात पडलेल्या.

२०१२ ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. माझी नोकरी त्यातच गेली. आता दुकान आहे. पणजीत काम असलं की पुलावर बस हळू झाली तर मी खाली बघतो, एखादी बार्ज दिसते का. दिसली तर ती भरलेली की रिकामी हे वरून एका नजरेत कळतं. बायको विचारते काय बघता, मी सांगतो, काही नाही.

रायबंदर

पूल म्हटलं की सगळे मांडवीच ओलांडतात. पाटो ते रायबंदर हा जो सरळ रस्ता आहे तोसुद्धा पूलच आहे! पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. रोज हजारो गाड्या जातात आणि खाली कमानी आहेत हे कित्येकांना माहीत नसतं.

सकाळी सहाला रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणची फेरी घ्या. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, उतरलात की लगेच. ओहोटीची वेळ साधलीत तर खारफुटीची मुळं उघडी पडलेली असतात, त्यावर खंड्या, खाली चिखलात उड्या मारणारे मासे. आणि मागे वळून पाहिलंत तर धुक्यातून पुलाचे चार खांब फक्त वरचे वरचे दिसतात, खाली नदी नाहीच असं वाटतं. दुर्बीण आणा. बोलू नका.

म्हापशाहून

२७ जानेवारी २०१९ ला अटल सेतूच्या उद्घाटनाला मी गर्दीत होतो. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आले तेव्हा नाकात नळी होती. आम्हाला आजार ठाऊक होता, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. माझ्या शेजारी एक म्हातारी मासळी विकणारी उभी होती, ती कोंकणीत एवढंच म्हणाली, "पळय, आयलो." मार्चच्या १७ तारखेला ते गेले. अटल सेतूवर चढलो की मला आधी ती बाई आठवते.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. काकांचं भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने खलाशाचा भाग पुन्हा वाचायला लावला.

काल ओहोटी बघून आम्ही परत बेतीला गेलो, या वेळी मालीमच्या बाजूला काठाकाठाने चालत. मासेमारीच्या बोटी लागल्या होत्या, जाळी पसरलेली, बर्फाच्या गाड्या उभ्या. पाणी उतरल्यावर जुन्या पुलाच्या खांबावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत कालवांचा थर दिसतो, खरखरीत, धारदार, एकावर एक बसलेला. एक बाई कोयत्याने ती खरवडून टोपलीत टाकत होती. भाच्याने विचारलं, किती वर्षांची असतील ही? ती म्हणाली, "वरची आवंदाची, आतली तुझ्याहून मोठी." त्याला एक रिकामा शिंपला दिला तिने. तो आता माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे, रुमालात गुंडाळून. पुढच्या रविवारी रायबंदरची सहाची फेरी. दुर्बीण कोणाकडे असेल तर सांगा.