अंघोळीच्या पाण्यासाठी ५ किलोवॅट? हिशोब जमत नाही, जाणकारांनी सांगावं

पांढरकवडेकर:
राजेहो, सल्ला पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला खेड्यात घर आहे. सहा माणसं. स्लॅब २० बाय २५ फूट, दक्षिणेला तीन फुटी कठडा, पश्चिमेला कडुलिंब. हिवाळ्यात १३० युनिट पडतात, कूलर सुरू झाले की २५०. अंघोळीचं पाणी अजून बंबावर तापते. बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर बसते. दुकानदार म्हणते, ५ किलोवॅटचे पॅनल टाका अन् गिझर लावा, वेगळा सोलर हीटर कशाले पाहिजे? खरं आहे काय? अन् लाइन गेली तर पॅनलवर घर चालते काय?

उष्णतेचा_हिशोब:
गिझरचं एकवेळ मान्य, ५ किलोवॅटचं नाही.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. थंडीत छतावरच्या टाकीतलं पाणी सकाळी १८ अंश धरा, अंघोळीला ४० पुरे. माणशी २० लिटरची बादली, सहा जण. १२० × २२ × १.१६, म्हणजे जेमतेम तीन युनिट. गिझर आणि पाइपात वाया जाणारी उष्णता धरून साडेतीन. कढत पाणी लागतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १२० दिवसांचे झाले ४२० युनिट. घराचा बाकी वापर सरासरी १७५ धरला तर वर्षाचे २,१००. एकूण अडीच हजार.

आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, वर्षाला साधारण १,४००. म्हणजे २ किलोवॅट पुरतं. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्याच्या वर कितीही लावा, तेवढंच. पुढे एसी घ्यायचा विचार असेल तर ३ घ्या. चौथ्या-पाचव्या किलोवॅटचा फायदा विकणाऱ्याला. नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, त्यात जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण ३१ मार्चला जे उरतात त्यांना भाव फार कमी मिळतो.

वायरमन_वऱ्हाडी:
लाइनच्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालत. साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातही. तसा तो मुद्दाम बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या पॅनलचा करंट लागेल. लाइन नसताना पंखे-दिवे पाहिजेत तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. गिझर बॅटरीवर टाकायचं मनातही आणू नका.

खेड्यात आणखी एक भानगड असते. गावठाण फिडरवर, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवर, दुपारी लोड कमी असला आणि घर ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलं की व्होल्टेज चढतं. पॅनल वीज ढकलतात तेव्हा तुमच्या टोकाला ते आणखी वाढतं आणि इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की युनिट बुडतात आणि दोष पॅनलला जातो. आठवडाभर दुपारी १२ ते २ मल्टीमीटरने मोजून ठेवा. २५० च्या वर जात असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलण्यासाठी महावितरणकडे आधीच अर्ज द्या. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड घ्या, पातळ केबलने हा त्रास वाढतो. बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या.

बंब_सोडा:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण सकाळी सहाला लाइन नसेल तर गिझर काय करणार? मी तरी काचेच्या निर्वात नळ्यांचा सोलर हीटरच लावा म्हणेन, आणि तोही १०० लिटरचाच. ६० अंशांचं १०० लिटर पाणी १८ च्या पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं जवळपास १९० लिटर होतं. सहा अंघोळी होऊन उरतं. दुकानदार २०० चा गळ्यात मारतो. थंडीत ढगाळ दिवस फार नसतात, आले तर बंब आहेच.

जड पाण्याचं मात्र मनावर घ्या. आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणाची शेवटची मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या आसपास असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट हीटर थेट पाण्यावर घेऊ नका, त्या आतून बुजतात. काचेच्या नळ्यांमध्ये थर सुटून खालच्या बंद टोकाला साचतो, तो काढता येतो. पावसाळा संपला की नळ्या काढा, ब्रशने धुवा, सिलिकॉनची रबरं बदला. टाकीला लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक आम्लाचं पाणी दोन-तीन तास ठेवून निथळा. संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतू नका, स्टीलला बारीक भोकं पडतात. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, तीही तेव्हाच पाहा.

बसवताना लोक दोनच ठिकाणी चुकतात. थंड पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे, नाहीतर हीटर पूर्ण भरत नाही. आणि हवेचा उभा पाइप थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर वर न्या, त्याला कधी कॉक लावू नका. तो पाइप थराने बुजला तर पाणी निथळताना आत पोकळी होऊन टाकी चेपते. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), वर फोमचं आवरण.

भर उन्हात रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, तडकतात. सायंकाळी भरा किंवा पोत्यांनी झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्येही अर्ध्या नळ्या झाकाव्या, नाहीतर पाणी उकळी फुटण्यापर्यंत जातं. नळीच्या खालच्या टोकाची चांदीसारखी चकाकी पांढरी पडली तर निर्वात गेला असं समजा, ती एकच नळी बदला. वांदरं आणि गारपीट यांच्यासाठी वर लोखंडी जाळी लावा, थोडी सावली पडली तरी चालते.

पांढरकवडेकर:
१०० चा हीटर अन् २ किलोवॅट, असं मनात येऊन राहिलं. कठडा अन् लिंबाचं कसं करायचं?

उष्णतेचा_हिशोब:
डिसेंबरात सकाळी नऊला कठड्याची सावली उत्तरेकडे उंचीच्या सव्वापटीहून थोडी लांब पडते. म्हणजे तीन फुटी कठड्यापासून पॅनलची खालची कड चार फूट सोडा, किंवा स्टँड कठड्याच्या उंचीचा करा. दुसरं बरं. खाली फूटभर मोकळी हवा राहिली तर पॅनल कमी तापतात, आणि तेच इथे महत्त्वाचं. पॅनलचे वॅट २५ अंशांच्या सेलवर मोजलेले असतात. मेमध्ये हवा ४५ असली की सेल ७० च्या घरात जातो. दर अंशाला ०.३५ टक्का धरला तर १६ टक्के गेले. तेव्हा २ किलोवॅटवर १,६०० दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका.

पॅनलचा कल २० अंश, तोंड दक्षिणेला. हीटर मात्र थंडीसाठी ३० ते ३५ अंशांवर. कडुलिंबाची सावली चारनंतर येत असेल तर सोडून द्या. दोन-अडीचलाच येत असेल तर पॅनल पूर्वेकडे सरकवा, फांदी छाटून दरवर्षी भागत नाही.

वायरमन_वऱ्हाडी:
अर्थिंग तीन वेगवेगळे करून घ्या: पॅनलच्या बाजूचं, इन्व्हर्टरमधून घराकडे जाणाऱ्या एसी करंटच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांडीचं). काळी माती मेमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या सळईला सोडून देते. खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि मोजणी उन्हाळ्यातच करा, ५ ओहमच्या आत पाहिजे. पॅनल धुवायला बोअरचं पाणी नको, डाग पडतात. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं वापरा, ते पण ऊन चढायच्या आधी. सोयाबीनची मळणी सुरू असते तेव्हा आठवड्याला एकदा.