जावा लिंक्ड लिस्ट: शेवटचा नोड काढल्यावर नवा घटक गायब

प्रश्न:
हेड (पहिला नोड), टेल (शेवटचा नोड) आणि साइज ठेवून एकेरी लिंक्ड लिस्ट लिहिली आहे, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये एक घटक आणि पुढच्या नोडचा दुवा (नेक्स्ट). १०, २०, ३० टाकले, ३० काढला, मग ४० टाकला. साइज ३ येते, पण छापल्यावर १०, २० एवढेच दिसतात. जेयुनिटच्या (जावाची टेस्टिंग लायब्ररी) टेस्ट मात्र सगळ्या पास. चूक कुठे असेल?

उत्तर १:
टेल अजून काढलेल्या ३० कडेच आहे. ४० त्याच्या नेक्स्टला जोडला गेला, आणि हेडपासून तिथवर वाटच नाही. काढताना मागचा नोड हाताशी ठेवा. काढलेला नोड टेल असेल तर टेल मागच्यावर आणा. एकच नोड असेल तर हेड आणि टेल दोन्ही नल (कशाकडेच न निर्देश करणारे) करा. ही अट हमखास विसरली जाते.

उत्तर २:
टेस्ट फक्त साइज बघत असणार. तपासणीची एक मेथड लिहा: हेडपासून मोजलेले नोड साइजइतके हवेत, शेवटचा नोड म्हणजेच टेल, आणि टेलचा नेक्स्ट नल. मोजणी साइजच्या पुढे गेली की तिथेच फेल करा, नाहीतर चुकून चक्र झालं असेल तर लूप संपणारच नाही. प्रत्येक ॲड-रिमूव्हनंतर ती बोलवा, ०, १, २, ३ लांबीच्या लिस्टवर. मग ठरावीक सीडच्या रँडमने (म्हणजे दर वेळी तोच क्रम येईल) १००० क्रिया तुमच्या लिस्टवर आणि जावाच्या तयार ॲरेलिस्टवर सारख्याच करून निकाल ताडून पाहा.

उत्तर ३:
घटक शोधताना == वापरलंय का, तेही बघा; ऑब्जेक्टवर ते किंमत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते तपासतं. ऑटोबॉक्सिंगमध्ये (साधा int आपोआप इंटिजर ऑब्जेक्ट होताना) -१२८ ते १२७ चे इंटिजर कॅशमधून येतात, म्हणून २० सापडतो आणि १००० सहसा सापडत नाही. ऑब्जेक्ट्स.इक्वल्स वापरा, त्यात नलही सांभाळला जातो.