संडे स्कूल चालवताना मन खचतंय, काय करू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या गावच्या चर्चमधे संडे स्कूल मी ३ वर्षं घेते, आधी २० मुलं यायची आता ५ येतात, ट्यूशन आणि मोबाईल दोन्हीनी वाट लावलीय, वर मंडळीतलेच म्हणतात तुला जमत नाही. प्रार्थना करते पण आतून एकदम रिकामं वाटतं. सोडून देऊ का?

उत्तर १: ताई, विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी १७९३ ला बंगालमधे आला आणि पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरला, म्हणजे ७ वर्षं हातात काहीच नाही. मग १८१२ ला श्रीरामपूरच्या (आपलं नगरचं नाही, बंगालातलं) छापखान्याला आग लागली, भाषांतरांची हस्तलिखितं जळाली. माणूस परत लिहायला बसला!! तुमच्याकडे ५ मुलं आहेत अजून.

उत्तर २: केरी ठीक आहे पण दमलेल्याला मोठ्यांची उदाहरणं दिली की अजून दडपण येतं असं मला वाटतं. बायबलमधला १ राजे १९ वाचा, एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो तर देवदूत उपदेश करत नाही, भाकर पाणी देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो. महिनाभर कोणाला तरी वर्ग घ्यायला सांगा, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला.

प्रश्नकर्ती: झोपेचं खरंच लक्षात आलं नव्हतं 🙂 या रविवारी वर्ग घेते, मग पाळकसाहेबांना विचारते.