इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मग यादी करताना नेमकं काय बघतात?

कातळवाट (धागाकर्ता):
१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही वाडी दरडीखाली गेली. ती यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. माझं म्हणणं असं की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणता नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यात नखाएवढी. वाडीच्या माथ्यावरचा खळगा त्यात दिसणार कसा? प्रत्येक वाडीवर माणूस चढलाच पाहिजे.

काळापाषाण:
असहमत. नकाशा घरं मोजायला नसतोच. उतार, खडक, मातीची जाडी, ओढे, जमिनीचा वापर एकत्र मांडून आधी कुठे जायचं ते तो सांगतो. तो बाजूला ठेवलात तर अख्ख्या सह्याद्रीत पायपीट कुठून सुरू करणार?

कातळवाट:
सुरुवात नकाशावरूनच करा, पण तिथेच थांबू नका. आमच्या घाटरस्त्याच्या कापात वर भेगाळलेला काळा पाषाण आहे आणि त्याखाली वीतभर तांबडा थर. पाणी भेगांतून उतरतं, त्या थरावर अडतं आणि आडवं पाझरतं. जुलैत तिथे बोट लावलं की लोण्यात गेल्यासारखं आत जातं. हा वीतभर थर कुठल्या नकाशावर आहे?

आषाढसरी:
तुम्ही दोघंही दगडात अडकलात. डोंगर वर्षानुवर्षं तोच आहे, मारतो पाऊस. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला, त्याच दिवसांत महाडजवळचं तळिये गेलं. वाडीवाडीत पर्जन्यमापक बसवा, ठरावीक आकडा ओलांडला की माणसं खाली आणा.

कातळवाट:
पर्जन्यमापक हवेतच. पण तोच पाऊस शेजारच्या दहा उतारांवरही पडतो, ते सगळे कुठे येतात खाली? पाणी खोलगट भागात गोळा होतं, आणि तिथे मुरमाचा जाड थर असला की तोच सुटतो.

वाडीवरची:
आमची वाडी यादीत आहे. दर जूनला नोटीस येते, स्थलांतर करा. भातखाचरं, गुरं वर टाकून जायचं कुठे? गेल्या पावसात गोठ्यामागे चार बोटं भेग पडली. आम्ही कळवलं, बघायला कोणी आलं नाही. शेवटी चिकणमातीने बुजवली.

काळापाषाण:
ताई, बुजवलीत ते बरं केलंत, पाणी आत जात नाही. आता भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि मधलं अंतर रोज सुतळीने मोजा. अंतर वाढलं, झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा झाडं कलली, तर नोटिशीची वाट न बघता त्याच दिवशी उजेडात सगळ्यांना घेऊन खाली उतरा. आणि कातळवाट, हे मात्र मान्य, ही भेग माझ्या नकाशात नाही.