मुलगा झोपेत बावीपर्यंत (विहिरीपर्यंत) गेला, डोक्यात नेमकं काय होतं?

सड्यावरची वहिनी:
आम्ही चतुर्थीला गावी आलोय, मालवणपासून आत. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर जागत आलो, दुसऱ्या रात्री घरी भजन. लेक (वय ११) सव्वाबाराला आडवा झाला. दीडच्या सुमारास अडसर पडल्याचा आवाज आला म्हणून उठले, तर पडवीचं दार सताड उघडं. हा बावीच्या कठड्याला टेकून उभा. डोळे उघडे, हातात भजनातली एकच झांज. "खय चललस रे?" विचारलं तर शांतपणे म्हणाला, "अजून एक गजर हा." कठडा त्याच्या मांडीपर्यंतसुद्धा येत नाही. माझे हातपाय अजून थरथरतायत. सकाळी विचारलं तर पायाला चिखल कसा लागला हे मलाच विचारतोय.

सासूबाई म्हणतात देवचाराचा (गावच्या राखणदाराचा) नारळ राहिला. नवरा म्हणतो थकलाय, बाकी काही नाही. मला कळत नाही, ज्याला उत्तर देता येतं, अडसर काढता येतो, तो झोपलेला कसा? मेंदूत काही वेगळं असतं का?

रापणकर:
आमच्या घरात काका झोपेत चालायचे. आजीने त्यांचा पाय आपल्या लुगड्याच्या पदराला बांधून ठेवला होता. पंधराव्या वर्षी आपोआप थांबलं.

निशाचर:
वहिनी, झोपलेला आणि जागा, दोन्ही एकाच वेळी. हे स्वप्नातलं चालणं नव्हे. झोप लागल्यावर पहिल्या एक-दोन तासांत जी सगळ्यात गाढ झोप असते, तिच्यातून मेंदू अर्धवट उठतो. तुमचं सव्वाबारा ते दीड अगदी त्यात बसतं.

२००० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी १६ वर्षांच्या एका मुलाला तो झोपेत उठलेला असतानाच किरणोत्सारी द्रव्य टोचलं आणि मेंदूतला रक्तपुरवठा कुठे किती आहे ते टिपलं. लहान मेंदूच्या (डोक्याच्या मागे खाली असलेला, हालचाली सांभाळणारा भाग) पुढच्या भागात आणि आत मागच्या बाजूच्या एका पट्ट्यात तो वाढलेला होता. कपाळामागचा भाग, जो 'अरे, ही विहीर आहे' असं सांगतो, तिथे मात्र कमी. म्हणून अडसर निघतो, गजर आठवतो, पण भीती वाटत नाही आणि सकाळी काही आठवत नाही.

दिवसाही थोडा फरक दिसतो. २०१७ मध्ये लोझानच्या संशोधकांनी मोठ्या माणसांना चालता चालता २०० पासून सात-सात वजा करत उलटे आकडे म्हणायला लावले. इतरांची चाल मंदावली, झोपेत चालणाऱ्यांची नाही. यांचे पाय आपलं आपण बघून घेतात, डोक्याला विचारायला जात नाहीत!

यात मेंदूला इजा झालेली असते असं नाही. जागरण झालं की मात्र जोर चढतो. नवऱ्याला विचारा, लहानपणी तो चालायचा का? २०१५ च्या क्विबेकमधल्या अभ्यासात आईवडिलांपैकी एकजण चालणारा असेल तर मुलांत प्रमाण ४७ टक्के होतं, दोघंही नसतील तर २२. एकाच रात्री पुनःपुन्हा उठला, अंग ताठरलं किंवा झटके आले तर मात्र डॉक्टरांना दाखवा, फिटचा प्रकार असू शकतो.

कोकमसरबत:
उठवलं तर जीव जातो ही थाप आहे. बावचळतो, कधी हात उगारतो, एवढंच. खांद्याला धरून हळू परत आणा.

सड्यावरची वहिनी:
विचारलं. नवरा "छे" म्हणेपर्यंत सासरे ओटीवरून ओरडले, "ह्यो तर गोठ्यात जाऊन म्हशीबरोबर निजायचो!" बारा वर्षं संसार केला, हे आज कळतंय.

आता बावीवर जुनी जाळी टाकून वर दोन चिरे ठेवलेत. लेकाला आज भजनाला बसू दिलं नाही, तोंड फुगवून नऊलाच झोपला. दाराला घुंगरू बांधलंय. मांजराने ते आतापर्यंत तीनदा वाजवलं आणि तिन्ही वेळा मीच धावले. नारळ सासूबाईंनी ठेवलाच, मी काही बोलले नाही.